गच्चीची किल्ली

मावशीच्या गॅलरीत सकाळी सात ते साडेसात ऊन येतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ते तिरकं आत शिरतं, जेमतेम एका खुर्चीपुरतं. गेली अकरा वर्षं मावशी त्या खुर्चीत बसते. पाठ उन्हाकडे, दोन्ही हात मांडीवर पालथे, ओठांत स्तोत्र. कोवळं ऊन अंगावर घ्यावं, हाडं मजबूत होतात, असं तिला तिच्या आजीनं लहानपणी सांगितलं होतं. तिनं ते एक दिवस चुकवलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला जिना उतरवेना. मांड्यांतलं बळच गेलं होतं. खालच्या स्टुलावरून उठताना भिंतीला हात लावावा लागे, नडगीवर बोट दाबलं तरी कळ येई. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा ड जीवनसत्त्वाच्या रकान्यात आठ हा आकडा आला. एका मिलिलिटर रक्तात आठ नॅनोग्रॅम. वीसच्या वर असावं अशी साधारण अपेक्षा असते आणि बारापेक्षा कमी म्हणजे हाडांना धोका. मावशीनं कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला विचारलं, "अगं, मी तर रोज उन्हात बसते. मग हे कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतरचं वर्ष मी ते शोधण्यात घालवलं. डॉक्टरांना भेटले, जुने-नवे शोधनिबंध वाचले, लोकांच्या घरात जाऊन त्यांच्याकडे ऊन किती वाजता येतं ते विचारत बसले.

उत्तराचा पहिला भाग आकाशात आहे. सूर्याचे सगळे किरण सारखे नसतात. उजेड देणारे वेगळे, अंगाला ऊब देणारे वेगळे आणि कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे आणखी वेगळे. हे शेवटचे अतिनील किरणांच्या 'ब' पट्ट्यातले, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो, त्यावर हे किरण पडले की त्याचं रूप पालटतं. मग शरीराच्या उष्णतेनं काही तासांत त्याचं ड जीवनसत्त्व होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापलं काम करतात आणि आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घेता येतं. ही साखळी नसेल तर कितीही दूध प्यालं तरी त्यातलं बरंचसं कॅल्शियम अंगी न लागता निघून जातं.

अडचण अशी की हा 'ब' पट्टा फार नाजूक असतो. वरच्या हवेतला ओझोन तो गिळतो. सूर्य डोक्यावर असला तर किरणांना ओझोनचा थर सरळ आणि लवकर ओलांडता येतो. सूर्य क्षितिजाजवळ असला तर तोच थर तिरका, कितीतरी पट जाड पडतो आणि 'ब' किरण वाटेतच संपतात. म्हणजे सकाळी सातच्या उन्हात ऊब असते, सोनेरी उजेड असतो, मन प्रसन्न होतं, पण ड जीवनसत्त्व जवळपास नसतं. शिवाय साधी काचही हे किरण अडवते. बंद खिडकीशी बसलेल्या माणसाला चटका लागेल, कातडी रापेल, पण हाडांना काही मिळणार नाही.

घड्याळ आणि पंचांग बाजूला ठेवून हे मोजायची एक सोपी रीत आहे. उन्हात उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं नाही. आखूड असेल तर आहे. मार्चमध्ये मावशीच्या खुर्चीची सावली तिच्या उंचीच्या सात-आठ पट लांब पडत होती. तिच्या अकरा वर्षांच्या नेमाचा हिशेब तिथंच लागतो.

मी हे गणित कागदावर मांडून बघितलं. पुण्यात ऐन डिसेंबरच्या अखेरीलाही भरदुपारी सावली माणसाहून आखूडच असते. साधारण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान. तुम्ही हा अंक वाचत असाल त्या दिवाळीच्या दिवसांत ही वेळ साडेदहा ते दोन अशी ऐसपैस असते. मुंबईकरांनी पाचेक मिनिटं पुढं धरावीत, कारण तिथं सूर्य माथ्यावर येतो तोच वर्षाच्या सरासरीनं बारा चाळीसच्या सुमारास. दिल्लीत मात्र डिसेंबरच्या अखेरीला भरदुपारीसुद्धा सावली माणसापेक्षा लांब राहते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो आणि मुलं मैदानात बाटल्या उभ्या करून सावली पायाखाली नाहीशी होताना बघतात. त्या दिवसांत नागपूरच्या माणसानं दुपारी बाहेर पडायची काहीच गरज नाही. सकाळी नवाच्या सुमारालाच त्याची सावली त्याच्याएवढी झालेली असते. ऊन टाळा असं सांगणारा उष्माघाताचा इशारा आणि ऊन घ्या असं सांगणारा डॉक्टर यांच्यात भांडण दिसतं ते घड्याळाकडे बघितल्यामुळे. सावलीकडे बघितलं की ते मिटतं.

रथसप्तमीला सूर्य पुजणारी, पहाटे सूर्यनमस्कार घालणारी आपली माणसं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले आणि त्या व्यायामाचं मोल आजही तेवढंच आहे. पण उगवत्या सूर्याला घातलेल्या नमस्कारांतून शरीर घडतं, ड जीवनसत्त्व मिळत नाही. कोवळ्या उन्हाबद्दलचा आपला समज जिव्हाळ्याचा आहे, आणि तो चुकीचा आहे. बाळाला तेल चोळून सकाळी आठाच्या आत उन्हात धरणाऱ्या प्रत्येक आजीला हे कुणीतरी नीट, मान ठेवून सांगायला हवं.

उत्तराचा दुसरा भाग आकाशात नाही. तो घरांत आहे आणि शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये कुणीतरी तो लिहून ठेवला आहे.

मुडदूस हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पाय धनुष्यासारखे वाकलेलं, मनगटं जाड झालेली, पोट पुढं आलेलं, उशिरा चालणारं मूल म्हणजे मुडदूस झालेलं मूल. एकोणिसाव्या शतकात युरोपातली कारखान्यांची शहरं या रोगानं भरून गेली होती. धुराचं आकाश, अरुंद गल्ल्या. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या इंग्रज मिशनरी डॉक्टरनं जपानमधल्या अनुभवावरून आणि ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या पत्रांवरून लिहिलं की, मुडदूस जिथं ऊन नाही तिथं होतो. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलानबी कुत्र्यांवर प्रयोग करून सांगत होते की, हा आहाराचा दोष आहे, कॉडलिव्हर ऑइलनं जातो. ऊन की अन्न, असा वाद पेटला होता.

त्या वादात १९२२ मध्ये एच. एस. हचिसन आणि एस. जे. शहा यांचा निबंध आला. त्यांचं काम नाशिकचं होतं. ऊन की अन्न हे ठरवायचं तर दोन्ही गोष्टी उलट्या जुळलेल्या हव्यात: चांगलं अन्न आणि ऊन नाही असे लोक एकीकडे, वाईट अन्न आणि भरपूर ऊन असे दुसरीकडे. युरोपात गरिबाला दोन्ही नव्हतं, म्हणून निवाडा होत नव्हता. नाशिकमध्ये समाजानंच हा प्रयोग मांडून ठेवला होता. गोषा पाळणाऱ्या खात्यापित्या मुसलमान घरांत आणि वरच्या जातींच्या हिंदू घरांत दूध-तूप होतं, पण बायका आणि लहान मुलं घराबाहेर पडत नव्हती. त्या घरांत मुडदूस सापडला. लग्न होऊन घरात बंद झालेल्या, वाढीच्या वयातल्या मुलींची हाडं मऊ पडलेली सापडली. ज्यांच्या ताटात निकृष्ट अन्न होतं, पण ज्यांची आई मुलाला बांधावर ठेवून दिवसभर राबत होती, त्या हलक्या म्हणवल्या गेलेल्या जातींची मुलं या रोगातून सुटली होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. गोदाकाठच्या वाड्यांत, चौकाच्या भोवती माजघर, त्यामागे बाळंतिणीची अंधारी खोली. बाहेर रखरखीत ऊन आणि आत चौदा-पंधरा वर्षांची पोर, जिच्या कमरेची हाडं बाळंतपणाआधीच मऊ पडत चाललेली. हाडं अशी मऊ पडली की कटीचं हाड दबतं, वाट अरुंद होते आणि मूल अडतं. त्या काळी अडलेलं बाळंतपण म्हणजे बहुतेक वेळा मरण. डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी श्रीनगरला हेच पाहिलं आणि १९२८ मध्ये पडदापद्धतीचा मातृत्वावर होणारा परिणाम या विषयावर पुस्तकच लिहिलं. दल सरोवरात होड्या वल्हवणाऱ्या बायका सहज बाळंत होत होत्या आणि शहरातल्या पडद्यातल्या बायका अडत होत्या. डॉ. डॅगमार विल्सन यांनी कांगडा खोऱ्यातही हाडं मऊ पडण्याचा हाच आजार नोंदवला.

आपण या बायकांना नशिबाच्या हवाली केलं. घराण्याची अब्रू म्हणून ज्या भिंती बांधल्या, त्यांनी किती जीव घेतले याची मोजदाद कुठेच नाही.

अभ्यास आता पुष्कळ झाले आहेत आणि एकामागून एक तेच सांगतात. २००० मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या वेगवेगळ्या गटांची रक्तं तपासली. उघड्यावर कवायत करणाऱ्या जवानांची पातळी बरी निघाली. रुग्णालयातच दिवस घालवणारे डॉक्टर, परिचारिका आणि गरोदर बायका खूप खाली होत्या. २००२ मध्ये दिल्लीतल्या प्रदूषित मोरी गेट भागातल्या तान्ह्या आणि रांगत्या मुलांची सरासरी १२.४ नॅनोग्रॅम आली, तर त्या वेळी मोकळ्या असलेल्या गुडगावच्या मुलांची २७.१. तिरुपतीत शेतात राबणारी माणसं शहरवाल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. डॉ. सी. व्ही. हरिनारायण यांनी तिथं काचेच्या कुप्यांत त्वचेतला तो पदार्थ भरून दिवसभर उन्हात ठेवून पाहिला. सगळ्यात जास्त काम अकरा ते दोनच्या दरम्यान झालं.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो पुण्याचा अभ्यास. २०१० मध्ये जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेच्या डॉ. वीणा एकबोटे, डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. झोपडवस्तीतली लहान मुलं, एकाच परिस्थितीतली. काही पाळणाघरात जाणारी, जिथं त्यांना रोज उन्हात खेळायला सोडलं जाई. बाकीची घरातच राहणारी. पाळणाघरातल्या मुलांची पातळी घरातल्या मुलांच्या कितीतरी पुढे होती. औषध नाही, खर्च नाही; दार उघडून अंगणात सोडणारी एक बाई, एवढाच फरक. याच शहरात मध्यमवयीन पुरुषांवर झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की, नेहमीच्या कपड्यांत, कामाच्या ओघात ऊन मिळत असेल तर वीसच्या वर राहण्यासाठी दिवसाला तासभर तरी लागतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे किरण शोषून घेतं. ते आपल्याला भाजण्यापासून वाचवतं, पण त्यामुळे गोऱ्या माणसाच्या पुस्तकातली दहा मिनिटं आपल्याला पुरत नाहीत. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे असतील तर वेळ कमी लागतो. उन्हातून हे जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर कधी होत नाही. एका मर्यादेनंतर त्वचा जादा माल आपणच निकामी करून टाकते.

टांझानियातले मसाई आणि हाडझा हे आजही उघड्यावर जगणारे लोक. २०१२ मध्ये त्यांची सरासरी मोजली ती ४६ नॅनोग्रॅमच्या घरात आली. आखाती देशांत आकाशात ढग नाही आणि तरीही ड जीवनसत्त्वाची कमतरता घराघरात आहे, कारण थंड घरातून थंड गाडीत, गाडीतून थंड कचेरीत असाच दिवस जातो. दुबईला असलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारून बघा, दिवसभरात अंगावर ऊन किती मिनिटं पडतं.

आणि आपण? ज्या पुण्यात मी राहते, तिथं सिग्नलला उभी राहिलेली दुचाकीवरची प्रत्येक मुलगी बघा. तोंडाला, केसांना स्कार्फ, फक्त डोळे उघडे, वर गॉगल. हातांत खांद्यापर्यंतचे मोजे, अंगात सनकोट. धूर-धूळ हे एक कारण आहे, नको त्या नजरा हे दुसरं. पण रंग उतरेल, काळवंडशील, लग्न ठरायचं आहे, हे तिसरं कारण अजून आपल्या घरांत बोललं जातं. आई बोलते, मावशी बोलते. ऊन टाळणाऱ्या मुलीला दोष देण्याआधी आपण सावळ्या मुलीला काय काय ऐकवतो ते आठवावं.

याच राज्यात दुसरं टोकही आहे. बीड-जालन्याहून निघालेली ऊसतोड करणारी बाई दिवसभर फडात असते. तिला ऊन कमी पडत नाही, तिला सावली मिळत नाही. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या बाईचंही तेच. सारखं ऊन पडणाऱ्या भूमीवर काहींच्या वाट्याला ते जीव जाईपर्यंत येतं आणि काहींच्या वाट्याला येतच नाही.

न येणाऱ्यांची वस्ती मी मुंबईत पाहिली. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती बघाव्यात. रस्ते, रेल्वे रुंद करताना हटवलेल्या झोपड्यांतली माणसं इथं आणून ठेवली. सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं इथल्या वसाहतींचा अभ्यास केला आणि उजेड-वारा न पोचणाऱ्या घरांमध्ये क्षयरोग अधिक असल्याचं दाखवून दिलं. क्षयाला अनेक कारणं असतात, त्याचा दोष एका जीवनसत्त्वावर टाकता येणार नाही. पण घराचा नकाशा माणसाच्या शरीरात उतरतो, एवढं तिथं डोळ्यांनी दिसतं. तळमजल्यावरच्या एका खोलीत एक बाई वर्षभराचं मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, ऊन कधी येतं घरात? ती म्हणाली, "घरात नाही येत, ताई. समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या भिंतीवर येतं, ते दिसतं." मूल घेऊन खाली का जात नाही, असं मी विचारलं. खाली गटार उघडं होतं, गाड्या उभ्या होत्या, पोरांचा घोळका होता. आणि गच्ची? गच्चीला कुलूप होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक इमारतीत गच्चीचं कुलूप बघायला लागले. जवळपास सगळीकडे ते आहे. मध्यमवर्गीय सोसायट्यांत तर हमखास. कारणं ठरलेली: कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कोण घेणार, टाकीत कुणी काही टाकेल, पोरं टोळकी करून बसतात, सोलरच्या नळ्या फुटतात, वरच्या मजल्यावाल्यांच्या डोक्यावर धबधब आवाज होतो. कारणं खोटी नाहीत. पण त्या कुलपामुळे काय गेलं तेही सांगायला हवं. चैत्र-वैशाखात याच गच्च्यांवर बायका सकाळी नऊपासून दुपारपर्यंत असायच्या. जुनं सुती पातळ अंथरायचं, त्यावर कुरडया घालायच्या, साबुदाण्याच्या चकत्या, सांडगे, मिरच्या. हात कोपरापर्यंत उघडे, पदर खोचलेला. कावळे हाकायला पोरं बसवलेली. ते पापड-कुरडयांसाठी होतं, हाडांसाठी नव्हतं, पण नकळत हाडांनाही मिळत होतं. आता कुरडया बचत गटाकडून येतात. बायकांचे कष्ट वाचले याचा मला आनंद आहे. मात्र कष्टाबरोबर उघड्या आकाशाखाली बसायचं निमित्तही गेलं, आणि दुसरं कुणी दिलं नाही. पुरुषाला कट्टा आहे, बाग आहे, टपरी आहे. अकरा वाजता घरातून उठून बाहेर नुसतं बसायला जाणारी बाई आपल्याकडे अजून रिकामटेकडी ठरते.

आता गोळ्यांविषयी, कारण मावशीची गोष्ट अर्धी राहिली आहे.

डॉक्टरांनी तिला पुडी लिहून दिली. साठ हजार एककांची, आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे. ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आणि ती बरोबर घेतली तर गुण येतो. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नव्हतं. दुकानात 'रोज एक' असं सांगितलं गेलं, की मावशीला तसं ऐकू आलं, हे आता कळायला मार्ग नाही. तिनं रोज घेतली. संपली की त्याच चिठ्ठीवर पुन्हा आणली. दोन महिने. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ६०० एककांची आहे. मावशीनं साठ दिवसांत छत्तीस लाख एककं घेतली, म्हणजे सोळा वर्षांची बेगमी. आधी भूक गेली, मग बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री उठून असंबद्ध बोलणं. रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम १३ वर गेलं होतं आणि मूत्रपिंडं दमली होती. आठ दिवस सलाइनवर काढल्यावर ती सावरली. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून उतरायलाही महिने लागतात. घरात कुणाकडे अशी पुडी असेल तर आजच तिच्यावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा.

दुसरं, या जीवनसत्त्वाभोवती नको तेवढा बाजार उभा राहिला आहे. केस गळतात, थकवा येतो, मन लागत नाही, की तपासा ड. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, सरसकट गोळ्या दिल्यानं कर्करोग आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, असं २०१८ मध्ये दिसलं. साध्या निरोगी प्रौढांची हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही, हे २०२२ मध्ये कळलं. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या ज्या अमेरिकी संघटनेनं २०११ मध्ये तीसच्या वर हवं म्हटलं होतं, तिनंच २०२४ मध्ये तो आग्रह सोडला आणि निरोगी माणसानं उगाच तपासणी करू नये असं सांगितलं. त्यामुळे तीसच्या आत आकडा आला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण हा दिलासा बाराच्या खाली असलेल्या बाईला, वाकड्या पायांच्या मुलाला लागू नाही. त्यांचा आजार खरा आहे आणि औषध स्वस्त आहे.

अन्नातून ड जीवनसत्त्व मिळवू म्हटलं तर शाकाहारी घरात ते जवळपास नाहीच. अंड्याच्या बलकात थोडं, बांगडा आणि तारली यांच्यासारख्या तेलकट माशांत बऱ्यापैकी. दुधात मुळात फारच कमी. म्हणून २०१८ पासून दुधात आणि खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्व घालण्याचे नियम आहेत. पिशवीवर 'प्लस एफ'ची निळी खूण असते. ती बघून दूध घ्यावं. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 'प्रोजेक्ट धूप' नावानं शाळांना सुचवलं की, प्रार्थना सकाळी घेण्याऐवजी अकरा ते एकच्या दरम्यान घ्या. मला ही सूचना फार शहाणपणाची वाटली. आपल्याकडे थंडीत आणि पावसाच्या उघडिपीत ती सहज पाळता येईल. आईच्या दुधात ड अपुरं असतं, त्यामुळे तान्ह्या बाळाला वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. गोवंडीच्या त्या खोलीतल्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि ताटात कॅल्शियम हवंच. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. भाकरी, आंबील, काहीही चालेल.

मावशीला घरी आणल्यावर मी आणि तिची सून सोसायटीच्या सचिवांकडे गेलो. गच्ची रोज दोन तास उघडी ठेवा एवढंच मागितलं. ते म्हणाले, सभेत मांडा. सभेत आम्ही मांडलं. नेहमीचे सगळे मुद्दे निघाले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी, ज्या सभेला कधी बोलत नाहीत, त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं झाली मला आभाळ बघून." त्यावर कुणी काही बोललं नाही. कठड्याला जाळी लावायची, टाकीला कुलूप घालायचं आणि दोन बाकं ठेवायची असं ठरलं. खर्च प्रत्येक घरामागे साडेचारशे रुपये आला.

आता किल्ली वॉचमनच्या खोलीत खिळ्याला असते. हिवाळ्यात अकरा ते एक, उन्हाळ्यात नऊ ते दहा. मावशी लिफ्टनं वर जाते, सुनेचा हात धरून शेवटचा जिना चढते. डोळ्यांवर टोपी, बाह्या सारलेल्या. तिथं सहा-सात बायका असतात, एक नातू पायात लुडबुडतो. बाकावर बसण्याआधी मावशी उन्हात सरळ उभी राहते आणि आपली सावली बघते. सकाळी सातची खुर्चीही तिनं सोडलेली नाही, स्तोत्र तिथंच म्हणते.

तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, ते या दिवाळीत विचारा.